कडांचा डबा

शितावरून भाताची परीक्षा, असं सगळेच म्हणतात. आत्या म्हणायची, पावाच्या कडेवरून घराची परीक्षा. आणि नुसतं म्हणायची नाही, हातातली करवती सुरी नाचवत म्हणायची, त्यामुळे समोरचा वादात पडत नसे.

तिचा धंदाच तसा होता. पार्ट्यांना आणि दुपारच्या हलक्या जेवणांना ती बोटभर सँडविच करून द्यायची. दोन घासांत संपणारी, एका हातात पेला असला तरी दुसऱ्या हाताने उचलता येणारी. त्यासाठी पावाच्या चारही कडा कापाव्या लागतात. शंभर तुकडे केले की परातभर कडा उरतात, आणि त्या कडांचं घरातली माणसं काय करतात ते आत्या तिरक्या डोळ्याने बघून ठेवायची. सरळ कचऱ्यात गेल्या तर घर उधळं. "तुम्हीच न्या हो" म्हणाले तर मनाने मोठं, पण आळशी. पोरं येऊन मुठीने पळवू लागली तर त्या घरात मुलं न घाबरता वाढतायत, असं ती खुशाल समजायची. वीस वर्षांत आपला अंदाज एकदाही चुकला नाही, असं तिचं म्हणणं होतं. आता वीस वर्षांत एकदाही न चुकलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही, पण आत्याला हे सांगणार कोण? तिच्या नाकावर माशी बसायची टाप नव्हती.

आत्या ती खरी एकाच मुलीची, तिच्या धाकट्या भावाच्या मुलीची. त्या पोरीमुळे सगळी गल्लीच तिला आत्या म्हणू लागली. भाऊ शिंपी, स्वभावाने मऊ, बहिणीचा शब्द खाली पडू न देणारा. भाची दाताच्या दवाखान्यात पेशंटना वेळा द्यायची, दिवसातून चार वेळा दुधाळ चहा प्यायची आणि खळखळून हसायची. आत्याला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. तिचा सगळा जीव त्या पोरीत. म्हणूनच तिचं लग्न आत्याने स्वतः जमवलं. आज दुपारी अंगठ्या घालायच्या होत्या. आणि हे लग्न जमलं होतं कशावर, तर पावाच्या कडांच्या एका डब्यावर.

ते असं झालं. वर्षभरापूर्वी टेकाडावरच्या एका मोठ्या घरातून तिला बोलावणं आलं. दार उघडलं ते घराच्या मालकीणबाईंनी. साठीच्या, कापसासारखे पांढरे केस, आवाज इतका हळू की आत्याला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"आमच्याकडे दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही," बाई म्हणाल्या. "मधसुद्धा नाही. त्या माशा बिचाऱ्या कष्ट करून साठवतात, आपण का हिसकावायचं? कुणाच्याही जिवाला आपल्यामुळे त्रास नको, एवढंच आमचं म्हणणं."

आत्याच्या अंगावर काटा आला, आदराने. खिडकीशी गादीवर एक लंगडा कुत्रा पसरला होता. रस्त्यावरून उचलून आणलेला, आता खाऊन खाऊन पिंपासारखा झालेला. बाई त्याच्याशीही "अहो, सरकता का जरा" असं बोलायच्या.

लोण्याशिवाय सँडविच करायचं म्हणजे आत्याला पुन्हा पहिलीपासून शिकावं लागलं. लोणी नुसतं चवीला नसतं. ते पावावर पातळ थर धरतं, म्हणून आतला ओलावा पावात मुरत नाही. आठ दिवस डोकं खाजवल्यावर तिला वाट सापडली. काजू रात्रभर भिजवायचे, थोडं तेल, लिंबू आणि मीठ घालून गंधासारखे बारीक वाटायचे आणि पार काठापर्यंत लावायचे. मग आत काहीही घाला. काकडी मीठ लावून पिळून घेतलेली, छोले लिंबू घालून ठेचलेले, नाहीतर बीट किसून अक्रोडाबरोबर. पाव बिनदुधाचा आणि एक दिवस शिळा, म्हणजे सुरी फिरवली की भुगा पडत नाही. वर ओलं फडकं. सगळं आधी तयार ठेवलं तर शंभर तुकडे चाळीस मिनिटांत.

त्या पहिल्या दिवशी कडा परातीत जमल्या तशा बाई स्वयंपाकघरात आल्या, आणि त्यांनी फडताळातून पत्र्याचा एक डबा काढून ओट्यावर ठेवला.

"कडा यात ठेवा हं. आमच्याकडे काही वाया जात नाही."

"कुत्र्याला का?" आत्याने विचारलं.

बाई नुसत्या हसल्या. "घरातल्या सगळ्याच जिवांचा विचार करावा लागतो."

झालं. आत्या तिथेच विरघळली. डबा स्वच्छ घासलेला, वर तारीख लिहायला कागदाची पट्टी. असं घर तिने वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. नंतर दोनदा ती तिथे गेली, दोन्ही वेळा तोच डबा, तोच हळू आवाज. घरात दोन मुलगे होते. थोरला सारखा परगावी असायचा. त्याची बायको, म्हणजे थोरली सून, तबकं बाहेर नेऊन ठेवायची. काडीसारखी पोरगी, मान खाली. "हिला भूकच नाही मेलीला," असं बाई मायेने म्हणायच्या. धाकटा मुलगा मात्र मोकळा, आत्याच्या पेट्या स्वतः उचलून गाडीत ठेवणारा. तिसऱ्या वेळी आत्या भाचीला मदतीला म्हणून मुद्दाम घेऊन गेली. पुढचं त्या दोघांनी आपलं आपण पाहिलं. दुधात साखर पडली म्हणायचं, पण त्या घरात दूध म्हणायचीही सोय नाही, असा विनोद आत्या महिनाभर सगळ्यांना ऐकवत होती.

"ताई, तू म्हणतेस ना घर चांगलं आहे," भाऊ म्हणाला होता, "मग मला आणखी काही बघायचं नाही."

आणि त्याने खरंच काही बघितलं नाही.

आज साठ माणसं येणार होती. बाईंनी ठरवलं होतं, आधी हलकं जेवण, मग अंगठ्या. पोटात काही असलं की माणसं शांत बसतात, असं त्यांचं मत. भाचीच्या अंगठ्यांच्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या हातची सँडविच हे आत्याला चालण्यासारखं नव्हतंच, तेव्हा ती सकाळी दहालाच कंबर कसून त्या स्वयंपाकघरात उभी होती. मदतीला थोरली. आत्या काजू लावायची, भरायची, कापायची. थोरली तुकडे तबकात मांडून वर फडकं टाकायची.

पहिल्यांदाच त्या दोघी इतका वेळ एकट्या होत्या. एरवी बाई आत-बाहेर करत असायच्या, आज पाहुण्यांत अडकल्या होत्या. आत्याला गप्प राहून काम करता येत नाही. ती आपली बडबडत होती, भाची लहानपणी कशी होती, काय खायची, कशी रुसायची. थोरली ऐकत होती. मध्येच तिने हळूच विचारलं,

"त्या चहा घेतात?"

"चहा? अगं, चार-चार कप. आणि नुसतं दूध लागतं तिला, पाणी नावाला."

थोरलीचा हात तबकावर थांबला. मग ती पुन्हा तुकडे मांडू लागली, एकाला एक चिकटवून, सरळ.

तेवढ्यात बिटाचं एक सँडविच कापताना फुटलं. फुटलेला तुकडा तबकात जात नाही, तो करणाऱ्याच्या तोंडात जातो, हा सगळ्या स्वयंपाकघरांचा नियम. आत्याने तो थोरलीपुढे धरला.

"खा. सकाळपासून उभी आहेस."

"नको."

"अगं, खा. कोण मोजतंय?"

"आई मोजतात," थोरली म्हणाली. "दोनशे चाळीस सांगितलेत ना तुम्हाला? त्या फुटलेलेही धरतात." आणि मग, भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात, "माझं डब्यात आहे."

आत्याला आधी कळलंच नाही. थोरलीने मानेने ओट्याकडे दाखवलं. तिथे पत्र्याचा डबा होता, आज सकाळपासूनच्या कडांनी अर्धा भरलेला.

"हे कुत्र्याचं ना?"

"कुत्र्याला वेगळं शिजवतात."

आत्याने सुरी खाली ठेवली. बाहेर पाहुणे हळू आवाजात बोलत होते. या घरात आलं की सगळेच हळू बोलायला लागतात, हे तिला आत्ता जाणवलं.

"कधीपासून?"

"चार वर्षं होतील. लग्नानंतर माहेरी गेले होते, तिथे चहा प्यायले. दुधाचा. आल्यावर आईंना सांगितलं मी, खोटं कशाला बोलायचं म्हणून. त्या रागावल्या नाहीत. त्या कधीच रागावत नाहीत. म्हणाल्या, तुझ्या जिभेला अजून कळलेलं नाही, तिला शिकवू या. तोवर साधं खा. दुपारी कडा. तुम्ही येत नाही तेव्हा शिळा पाव आणतात. रात्री सगळ्यांबरोबर थोडा भात."

"आणि नवरा?"

"ते म्हणतात, आई तुझ्या भल्यासाठीच करते."

"माहेरी सांगितलं नाहीस?"

"त्यानंतर गेलेच नाही मी."

आत्याने ओट्यावरचा डबा उचलून पाहिला आणि परत ठेवला. गोगलगाय नि पोटात पाय, हे तिने आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. आणि स्वतः? घासलेला डबा बघून स्वतःची पोरगी उचलून दिली होती.

थोरलीने फडताळ उघडलं, ओलं फडकं बदलायला. खालच्या कप्प्यात दुसरा एक डबा होता. तसाच, तेवढाच, पण कोरा करकरीत, दुकानाची चिठ्ठीही काढलेली नव्हती.

"हा?" आत्याने विचारलं.

"परवा आणला आईंनी," थोरली म्हणाली. "तुमच्या भाची चहा घेतात का, ते म्हणूनच विचारलं मी."

आत्या हात न पुसताच बाहेर पडली. भाऊ आणि भावजय जिन्याखाली कोट ठेवायच्या खोलीत होते. भाऊ मुलीच्या ब्लाउजला शेवटचा टाका घालत होता, तोंडात टाचणी. आत्याने दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं. सांगताना तिलाच ते वेड्यासारखं ऐकू येत होतं. कडा, डबा, चहा.

भावाने टाचणी तोंडातून काढली. "ताई, तूच म्हणालीस ना, घर सोन्यासारखं आहे?"

"चुकले मी."

"आत्ता? साठ माणसं बाहेर बसलीत."

"म्हणून तर आत्ता सांगतेय. उद्या सांगून काय उपयोग?"

"वन्सं," भावजय म्हणाली, "थोरल्या जावा धाकटीविषयी काय वाटेल ते सांगतात. तिच्यापेक्षा आपली पोर देखणी आहे, शिकलेली आहे. तिच्या पोटात दुखत असेल."

"तिच्या पोटात काही असेल तर दुखेल ना गं."

दारावर टकटक झाली. बाई. त्यांना ऐकू गेलं होतं की नव्हतं, चेहऱ्यावरून कळेना. "काही हवंय का? सगळं ठीक?"

भाऊ साधा माणूस. त्याला वाटलं, समोरासमोर झालेलं बरं. "बाई, ताई म्हणतेय, तुमच्या थोरल्या सुनेला जेवायला नीट मिळत नाही."

मला त्या भावाचा राग येत नाही. अशा वेळी सरळ माणसंच सर्वात मोठा घोळ घालतात. बाई जराही चपापल्या नाहीत. त्यांनी दारातूनच थोरलीला हाक मारली, ती आली, आणि बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"सांग बाळा. तुला इथे काही कमी आहे?"

थोरलीने आत्याकडे पाहिलं नाही. "नाही. मला भूकच कमी आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळं छान आहे."

"झालं?" बाई हसल्या. "ताई दमल्यात. सकाळपासून उभ्या आहेत बिचाऱ्या." आणि थोरलीला खांद्याला धरूनच त्या घेऊन गेल्या. भाऊ बहिणीकडे बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती, आणि ती आत्याला जास्त लागली.

आता उरली भाची. ती वरच्या खोलीत आरशापुढे बसली होती. आत्याने तिला सांगितलं, यावेळी हळूहळू, नीट. भाची ऐकत होती, कानातलं अडकवत होती.

"मला माहीत आहे, आत्या," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"म्हणजे डब्याचं नाही. पण त्यांचे नियम कडक आहेत हे. त्याने सांगितलंय मला. मी चहा सोडला पण, नऊ दिवस झाले. पहिले तीन दिवस डोकं इतकं दुखलं, पण आई म्हणाल्या, ते विष बाहेर पडतंय." तिला त्यांना आई म्हणायची सवयही लागली होती. "किती प्रेमाने सांगतात त्या. आपल्याकडे नुसता आरडाओरडा."

"आरडाओरडा करून आपण तुला पोटभर वाढतो."

"तूच आणलंस ना हे स्थळ?" भाचीचा आवाज चढला, आणि मग तिने दाराकडे बघून तो चटकन खाली आणला. "आता तूच मोडायला निघालीस? मला तो आवडतो, आत्या. माझ्यासाठी हे बिघडवू नकोस."

दाराकडे बघून खाली आणलेला तो आवाज. आत्याने तो ऐकला आणि तिला उमगलं की इथे समजावून काही होणार नाही. पोरगी अर्धी आत गेलीच होती.

ती खाली आली. दिवाणखान्यात तबकं फिरत होती. माणसं उभ्याउभ्या खात होती, खाऊन झालं की बोटं पुसून पुन्हा उचलत होती. खोटं कशाला बोलू, आत्याच्या हातची सँडविच त्या दिवशी झालीच होती तशी. बाई सर्वांत शेवटी घेत. त्यांनी काकडीचं एक उचललं, अर्धं खाल्लं, आणि बाजूच्या एका जाडजूड पाहुण्याला म्हणाल्या, "बघा, कुणाच्या जिवाला न दुखवता."

"अहो, पण काय मऊ!" पाहुणा म्हणाला. "लोण्याशिवाय हे असं होतंच कसं?" आणि त्याने कौतुकाने आत्याकडे पाहिलं.

वीस वर्षांत आत्याने गिऱ्हाइकाला कधी फसवलं नव्हतं. शिळ्याला ताजं म्हटलं नव्हतं, शेंगदाण्याला काजू म्हटलं नव्हतं. तिच्याकडे दुसरी काही इस्टेट नव्हती, होता तो एवढा शब्दच. धाकटा मुलगा खिडकीशी अंगठीची डबी हातात घेऊन उभा होता. भाची जिना उतरत होती.

"लोण्याशिवाय होत नाहीच," आत्या म्हणाली.

तिला वाटलं होतं, आवाज फुटणार नाही. पण तो चांगला खणखणीत फुटला, त्या घरात कधी कुणी काढला नसेल एवढा.

बाईंचं चावणं थांबलं. "गंमत करताय," त्या म्हणाल्या.

"गंमत कसली? लोणी आहे त्यात. सगळ्यांत. काजू-बिजू सगळं सांगायला. मागच्या तिन्ही वेळांनाही होतं. तुम्ही दरवेळी वाखाणलंत."

जाड पाहुण्याने हातातला तुकडा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. कुणीतरी रुमालात थुंकलं. एक म्हातारी खुर्चीत बसली. भाऊ दोन पावलं पुढे आला आणि तिथेच खिळला. त्याच्या बहिणीचं तोंड त्याला ओळखू येत नसावं. भाची जिन्यावर मधल्या पायरीवर थांबली. तिचे ओठ हलत होते, "नाही, ती खोटं बोलतेय," पण आवाज निघत नव्हता.

बाईंनी अर्धं सँडविच बशीत ठेवलं, तोंड पुसलं, आणि खोलीभर नजर फिरवून थोरलीवर आणली. ती दाराशी रिकामं तबक धरून उभी होती.

"तू होतीस आत, सकाळपासून," बाई म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात. सगळे पुढे वाकले ऐकायला. "तू पाहिलंस लोणी?"

हे आत्याने धरलंच नव्हतं. थोरलीला फक्त नाही म्हणायचं होतं. खरं तेच होतं, आणि तिच्या फायद्याचंही तेच होतं. दोन शब्दांत आत्या खोटी पडली असती, सगळे हसले असते, अंगठ्या झाल्या असत्या, आणि थोरलीला कदाचित त्या दिवशी ताटात वाढलंही असतं.

थोरलीने जिन्यावर उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं, कितीतरी वेळ.

"हो, आई," ती म्हणाली. "पाहिलं मी."

"आणि बोलली नाहीस."

"नाही."

"खाल्लंसही?"

"हो. खाल्लं."

बाईंनी मान हलवली. रागाने नव्हे, एखादं जुनं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार असेल तर माणूस हलवतो तशी. "ठीक आहे. तू आत जा," त्या म्हणाल्या. मग भावाकडे वळल्या. "तुमच्यावर माझा राग नाही. पण हे आपण इथेच थांबवू या." धाकट्याने आईकडे पाहिलं आणि अंगठीची डबी निमूट खिशात घातली. एक शब्द बोलला नाही तो, आणि भाचीने ते पाहिलं.

दहा मिनिटांत ते चौघं फाटकाबाहेर होते. भावजय रडत होती. भाऊ गाडीत बसायच्या आधी आत्याजवळ आला. त्याला आयुष्यात कुणाला टाकून बोलता आलं नव्हतं, ते त्या दिवशी आलं.

"आजपासून मला बहीण नाही," तो म्हणाला.

"चालेल," आत्या म्हणाली. तिला खरंतर चालणार नव्हतं, पण दुसरं काय म्हणणार? भाची मागच्या सीटवर तोंड फिरवून बसली होती. गाडी उतारावरून गेली. आत्या एकटी उरली, पायाशी तिच्या दोन पेट्या.

तिला घरी जायला हवं होतं. जे करायचं होतं ते झालं होतं. पोर वाचली होती. आज ना उद्या पोर बोलेल, नाही बोलली तरी पोटभर खाऊन रुसेल. धंदा बुडाला होता, तो बुडू दे. पाहुणे एकेक करून बाहेर पडत होते, तिच्याकडे न बघता. शेवटचा माणूस गेला आणि आतून कुणीतरी दार लावून घेतलं, अगदी हळू.

मग घरातून काहीच आवाज येईना. ओरडणं नाही, भांडं पडणं नाही. आत्या कान लावून उभी राहिली. शिव्या ऐकू आल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. वरच्या मजल्यावर एक खिडकी बंद झाली, मग दुसरी, मग तिसरी, भर दुपारी.

तिने पेट्या उचलल्या, दोन पावलं गेली, आणि परत खाली ठेवल्या. थोरलीचं नावसुद्धा तिने कधी विचारलं नव्हतं. फाटक ढकलून ती पायऱ्या चढली आणि बेलवर बोट ठेवलं. आत पावलं वाजली, दारापाशी येऊन थांबली. दार उघडलं नाही. आत्याने बोट काढलं नाही.